माळात खूर

आमच्या घरी देव्हाऱ्याला चुकून पाय लागला तर आई म्हणायची, नमस्कार कर आणि हो पुढं. पावसाळ्यात माळात वाटेबाहेर पाय पडला तर मात्र पाठीत धपाटा बसायचा, आणि तोही ओल्या हाताचा, जो जास्त लागतो. माळ म्हणजे घरामागची आमची गवताची जमीन. पोलादपुरातून उमरठकडे जाणारा रस्ता खाली, त्याच्या वर आमची सात घरांची वाडी, वाडीच्या वर माळ आणि माळाच्या वर डोंगर. मृग लागला की माळ बंद व्हायचा तो दिवाळीतल्या वाघबारशीपर्यंत. मधल्या सगळ्या महिन्यांत त्यात एकही खूर पडायचा नाही. गवत विळ्यानं कापायचं, तेही बुडाशी चार बोटं ठेवून. भारे बांधायचे आणि डोक्यावरून गोठ्यात आणायचे. माणसांनी येजा करायची ती एकाच वाटेनं, जिथं आईनं स्वतः दगड मांडले होते. वाडीतल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, हा माळ हाय का गाभारा? आई त्यांच्या नादी लागायची नाही. हातातली काठी ती माळात उभी रोवायची, वीतभर आत गेली की उपसून घ्यायची आणि चालायला लागायची.

तिचं शास्त्र एवढंच होतं. ओल्या मातीवर म्हैस उभी राहिली की माती दाबते. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मूळ उतरत नाही, आणि मग येतो तो टाकळा आणि कुसळी, ज्यांना गुरं तोंड लावत नाहीत. परवा महाडला एका मेळाव्यात एक तरुण कृषी अधिकारी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून हेच सांगत होता. चांगला मुलगा होता, जीव तोडून सांगत होता. मी मागच्या खुर्चीवर बसून पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईनं विचारलं, ताई, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, चहा घशात अडकला.

आमच्याकडे सात म्हशी होत्या, रंगी त्यांतली म्होरकी. बाबा मुंबईला गोदीत कामाला. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, बाकी वर्षभर घर म्हणजे आई. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन गेलेलं, त्यामुळे घरात आई आणि मी. बाबा तापट होते, पण गुरांच्या आणि जमिनीच्या बाबतीत आईपुढे त्यांचं काही चालायचं नाही, आणि ते तसं चालवायचेही नाहीत. कुणी काही विचारायला आलं की पडवीतून आत हाक मारायचे, अगो, हा काय म्हणतोय बघ, तू सांगशील तसं. गावातल्या पुरुषांना त्याचं हसू यायचं. बाबांना त्याचा अभिमान होता, हे मला फार उशिरा कळलं.

सकाळ व्हायची ती दावणीच्या साखळ्यांच्या आवाजानं आणि कासांडीत पडणाऱ्या पहिल्या धारेच्या आवाजानं. रिकाम्या कासांडीत धार वाजते, भरत आली की आवाज जाड होतो. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की आई कितव्या म्हशीपाशी आहे. पावसाळ्यात कौलांवर पावसाचा एकच सूर लागलेला असायचा, आठ-आठ दिवस. चुलीपाशी ओलं जळण धुमसायचं. नाचणीची भाकरी, कुरडूची भाजी, सुकटीची चटणी, आणि ताक म्हणाल तर पाण्यासारखं. दूध मी पोलादपूरला स्टँडजवळच्या रशीदभाईंच्या हॉटेलात घालायची. ते बोटावर थेंब घेऊन बघायचे आणि म्हणायचे, तुझ्या अम्मीच्या माळाचं दूध आहे, यात पाणी घालायला माझंच मन होत नाही. माझी अकरावीची फी, बाबांना धाडायचं तूप, बहिणीचं पहिलं बाळंतपण, सगळं त्या माळातून आलं.

एका वर्षी आषाढात आई पडली. माळातून भारा घेऊन उतरताना दगडावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नानांनी, म्हणजे बाबांच्या चुलतभावानं, खुर्चीला बांबू बांधले, चौघांनी तिला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपनं महाडला. दवाखान्यानंतर ती तिथंच मामाकडे राहणार असं ठरलं. खुर्चीत बसल्या बसल्या ती दातावर दात दाबून सूचना देत होती. रंगीला आधी पाणी दाखव, मग बाकीच्यांना. बाबांना कळवू नका, नोकरी टाकून येतील. आणि खाली रस्त्याशी जीपमध्ये चढवताना माझं मनगट धरून म्हणाली, "माळात खूर नको गो." मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. हाड मोडलंय, पोरगी एकटी राहणार आहे, आणि हिच्या तोंडात माळ.

सात म्हशींना गवत कापून घालणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. आई आणि मी मिळून करायचो तेव्हा ते काम वाटायचं. एकटीनं केल्यावर ती शिक्षा वाटायला लागली. पहाटे धारा, मग दोन भारे, मग पोलादपूरची फेरी, आल्यावर शेण, मग तीन भारे, मग पुन्हा धारा. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, तिच्यातून मानेवर उतरणारं पाणी, हातात विळा. पाचव्या दिवशी डाव्या हाताची दोन बोटं विळ्यानं कापली. चिंधी बांधून कापत राहिले तर चिंधीसकट सुजली. नानांची बायको भाकरी आणून द्यायची, पण तिच्या घरी भातलावणी चालू होती, ती तरी काय करणार. त्यातच वाऱ्यानं अंगणात रचलेल्या पेंढ्याच्या उडवीवरचं कापड फाडून नेलं. मला ते दोन दिवस दिसलंच नाही. दिसलं तेव्हा उडवी निम्मी काळी पडली होती, आत हात घातला तर वाफ येत होती. म्हशींनी हुंगून तोंड फिरवलं. पेंडीचं पोतं संपलं त्याच दिवशी रस्त्यावर दरड आली आणि वर येणाऱ्या गाड्या बंद झाल्या. डोंगराच्या मोकळ्या चराईकडे न्यावं तर मध्ये ओढा दुथडी भरून वाहत होता. दूध काढून ठेवायची, हॉटेलात पोचवायची सोय नाही, आणि हळूहळू काढायलाही काही उरेना.

उपाशी म्हैस ओरडते ते मी तोवर ऐकलंच नव्हतं. आमच्याकडे कधी तशी वेळ आली नव्हती. ती गाईसारखी हंबरत नाही, पोटातून घासत येणारा एक आवाज काढते, थांबते, आणि तुमच्याकडे बघते. सात जणी आळीपाळीनं. मी कानात पदराचे बोळे घालून भाकरी खाल्ली आणि नंतर लाजेनं ती ओकून टाकली. तापही असावा अंगात. मामाकडे निरोप धाडायला रस्ता नव्हता. माळात गवत कमरेएवढं उभं होतं, मारवेल, पवन्या, वाऱ्यावर लवणारं, गोठ्याच्या दारातून दिसणारं. म्हशींनाही ते दिसत होतं.

नाना तेव्हा पडवीत आले. नाना माणूस वाईट नव्हता, हे आज मी ठामपणे सांगते, कारण पुढं पुष्कळ वर्षं मी त्यांना मनात शिव्या दिल्या. ते भाताचे शेतकरी. जन्मभर त्यांनी खाचरात पाणी कोंडून रेड्यांच्या पायांनी चिखल तुडवला होता, कारण चिखल जितका तुडवावा तितका तळ बसतो, पाणी धरून राहतं, रोप जोम धरतं. उन्हाळ्यात ते शेतात गुरं बांधून शेण बसवायचे आणि तिथं भात हातभर उंच यायचा. ते मला म्हणाले, "वैनी उगाच भीत्ये. सोड म्हशी माळात. तुडवतील, शेण पडंल, जमीन मऊ होईल. भाताला आपण काय येगळं करतो?" मला ते पटलं. पटायचंच होतं. ज्याला झोप हवी असते त्याला कुठलीही उशी चालते. पण मुद्दाही तसा बिनतोड वाटला. आमच्या खोऱ्यात तुडवलेली जमीन म्हणजे चांगली जमीन, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. खाचराला जे अमृत तेच माळाला विष, हे वाडीत एकटी आई जाणत होती आणि ती पाय बांधून महाडला पडली होती.

मी बेड्याची, म्हणजे माळाच्या फाटकाची, आडवी लाकडं काढली. रंगी पुढं झाली आणि दाराशी थांबली. तिलाही त्या महिन्यांत तिथून जायची सवय नव्हती. मी तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. मग सातही जणी आत गेल्या आणि गवतात पोटापर्यंत बुडाल्या, आणि जिभेनं गवत ओढून तोडण्याचा आवाज सगळ्या माळभर सुरू झाला. मी दगडावर बसून रडले. आनंदानं रडले हो, दुसरं काही नाही. त्या दिवशी मी दुपारची झोपले. आठवड्यात दूध पूर्वीइतकं झालं, मग पूर्वीपेक्षा वाढलं. दरड उपसली गेली, गाड्या सुरू झाल्या, मी पुन्हा रशीदभाईंकडे जायला लागले. पेंड आली तरी मी म्हशी माळातून काढल्या नाहीत. हे लिहिताना हात जड होतो. पहिले सहा-सात दिवस गरज होती, ती कुणीही समजून घेईल. उरलेले दिवस निव्वळ माझा आळस होता.

खुणा मला दिसत होत्या. पहिल्यांदा खुरांचे खड्डे दिसले आणि त्यांत साचलेलं पाणी. आमच्या माळात पाणी साचतं हेच मी पहिल्यांदा पाहत होते. पाऊस कितीही ओतू दे, माळ पिऊन टाकायचा. मग त्या पाण्याला वास आला, डास झाले, गवताची बुडं पिवळी पडली. म्हशींच्या नेहमीच्या वाटा तासल्यासारख्या चकचकीत झाल्या. एका दुपारी जोराची सर आली तर माळावरून पाणी चादरीसारखं सरकत खाली गेलं आणि नानांच्या खाचराचा बांध फुटला. लावलेलं भात रेतीखाली गेलं. नाना फावडं घेऊन पळाले, मीही गेले. आम्ही दोघं चिखलात उभे राहून वर माळाकडे बघत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. त्या संध्याकाळी मी म्हशी आत बांधल्या. अठरा दिवस झाले होते. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

आई श्रावणाच्या शेवटी आली, प्लास्टर काढून, काखेत काठी घेऊन. घरात पाणीसुद्धा न पिता म्हणाली, मला मागं ने. मी तिला कमरेला धरून नेलं. तिनं काठीवरचा भार माझ्यावर टाकला आणि काठी माळात रोवली. ती अंगठ्याच्या पेराएवढी आत गेली आणि थांबली. तिनं दुसरीकडे रोवली, तिसरीकडे रोवली. मग विचारलं, किती दिवस? मी सांगितलं. मला वाटलं आता मारेल, आणि मी मनापासून वाट बघत होते त्या माराची. ती खाली दगडावर बसली, मोडलेला पाय लांब करून, आणि हातानं एक खुराचा खड्डा चाचपत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मी नानांचं नाव सांगितलं, पेंढ्याचं सांगितलं, ओढ्याचं, म्हशींच्या ओरडण्याचं सांगितलं. सगळं खरं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उठवायला हात पुढं केला.

बाबा गणपतीला आले. आल्या संध्याकाळी माळ बघून आले ते लालबुंद होऊन. पडवीत नाना बसले होते, त्यांची बायको होती, मी ताटात तांदूळ निवडत होते. बाबांनी विचारलं, माळात म्हशी कुणी घातल्या? नाना खाली बघायला लागले. आई आतून भिंत धरत आली आणि म्हणाली, "मी निरोप धाडला हुता. माझ्या सांगण्यावरून सोडल्या."

बाबा तिला म्हणाले, लोक मला बाईलवेडा म्हणायचे तुझ्यापायी. मी म्हणायचो, तिला कळतं. एवढं बोलून ते उठून गणपतीच्या मखराला खिळे मारायला लागले. आणि मला काय वाटलं सांगू? मला हायसं वाटलं. सतरा वर्षांची घोडी मी, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी मोदक वळताना आई हळूच म्हणाली, "तुला दुसऱ्याच्या घरी जायचं हाय. माळ घालवलेली पोर म्हणून बोभाटा झाला तर कोण करील तुला? माझं काय, मी आता कुठं जात्ये." ते खरंही होतं. उमरठपासून महाडपर्यंत सोयरिकी करणारे लोक पोरीचा रंग नंतर बघतात, आधी विचारतात हात कसा आहे. कुणाचा हात बरकतीचा, कुणाचा नाही.

पाऊस सरल्यावर माळ विटेसारखा तापला. वाघबारशीला म्हशी सोडायला त्यात काही नव्हतंच. शिमग्याच्या आधी माळाखालचा झरा आटला, जो मी जन्मात कधी आटलेला पाहिला नव्हता. उन्हाळ्यात आईनं आणि मी कुदळी-पहारी घेतल्या. नांगराचा फाळ वरच्यावर घसरत होता, म्हणून पहारीनं. ती पाय ओढत एक ओळ फोडायची, मी दोन. हाताला फोड, फोडाखाली फोड. महिन्याभरात आम्ही अंगणाएवढा तुकडा फोडला आणि बाकीचा माळ तसाच पसरलेला. मुळं खोल जातात म्हणून तिनं त्यात तूर टोकून पाहिली, ती गुडघ्याएवढी होऊन वाळली. पुढच्या पावसात हिरवं आलं ते पाहून मी धावत तिला बोलवायला गेले. ती आली, वाकली आणि म्हणाली, टाकळा हाय.

चारा विकत घेऊन सात म्हशी पोसणं आमच्यानं झालं नाही. एकेक करून गेल्या. रंगी सगळ्यात शेवटी. तिला न्यायला टेम्पो आला तेव्हा आई गोठ्यात होती आणि तिथून बाहेर आलीच नाही. दावणीच्या साखळ्या निघाल्या आणि सकाळी घर इतकं मुकं झालं की मला जाग येईना.

तरी आईनं माळ सोडला नव्हता. तिच्या मनात एक होतं आणि ती ते मला पुन्हा पुन्हा सांगायची. चार पावसाळे माळ पूर्ण बंद ठेवायचा. खूर नाही, पाय नाही, विळाही नाही. आम्ही फोडलेल्या तुकड्यात दुसऱ्या पावसाळ्यात मारवेलाची बेटं धरली होती आणि मातीत गांडुळं दिसायला लागली होती. ती म्हणायची, गवताची मुळं आणि किडामुंगी मिळून जमीन उकलतात, आपण मध्ये पडायचं नाही. बांधावरचं गवत कापून एक म्हैस पाळता येईल, मग हळूहळू वाढवू. मला ते वेड वाटत नव्हतं. मी त्या बेटात काठी घातली होती आणि ती चांगली चार बोटं आत गेली होती.

त्याच सुमाराला रस्त्याच्या कामाला मुरूम हवा म्हणून एक कंत्राटदार जमिनी बघत फिरत होता. बाबा शिमग्याला आले होते. माझं लग्न ठरलं होतं, महाडचं स्थळ, वैशाखातला मुहूर्त. कंत्राटदार पडवीत बसला, मी पाणी घेऊन बाहेर आले. तो म्हणत होता, तसाही माळ मेलेलाच आहे, दगड आणि मुरूम तेवढा कामाचा. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "चार पावसाळे द्या मला. माळ परत येईल."

बाबा तिच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुझं ऐकलं ते एकदाच पुरे झालं."

नानाही पडवीत होते, ते सुपारी कातरत राहिले. माझ्या हातात तांब्या होता. मला कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं, की आता मी एक वाक्य बोलले तर बाबा ऐकतील. चूक तिची नव्हती, तिनं तर जाता जाता बजावलं होतं, माळातलं तिला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही, हे त्यांना कळलं असतं तर त्या तापट माणसानं कंत्राटदाराला तांब्या फेकून मारला असता. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, पापणी न हलवता. तिच्या नजरेचा अर्थ मी लावला की बोलू नकोस, मुहूर्त ठरलाय. मी तांब्या ठेवला आणि आत गेले. बाहेर बाबा म्हणाले, करा मग कागद.

माझ्या लग्नानंतर यंत्र आलं. मी पहिल्या माहेरपणाला गेले तेव्हा माळाच्या जागी खड्डा होता, दोन पुरुष खोल, बाजूंना पिवळा मुरूम आणि तळाशी हिरवट पाणी. आमचा फोडलेला तुकडा, मारवेलाची बेटं, सगळं कुठल्या तरी रस्त्याखाली भरावाला गेलं. मी त्या रस्त्यावरून एसटीनं कितीदा गेले असेन. आई बांधाचं गवत कापून लोकांच्या गोठ्यात घालायला जायची, मजुरीनं. बाबा तिच्याशी बोलायचे ते कामापुरतं. निवृत्त होऊन घरी आले तरी तसंच. कुणी काही विचारायला आलं तर स्वतःच उत्तर द्यायचे, आत हाक मारायचे नाहीत. भावकीत लग्नकार्याला बायका बसल्या की म्हणायच्या, हिच्या शहाणपणानं माळ गेला. ती शेजारीच बसून पानाला चुना लावत असायची.

बाबा गेल्यावर मी तिला महाडला माझ्याकडे आणलं. दुसऱ्या मजल्यावरची जागा, पिशवीतलं दूध, तिला ते पांढरं पाणी वाटायचं. तीन वर्षं होती माझ्याकडे. रोज मला वाटायचं आज बोलू. माझे केस पिकले, सुना आल्या, आणि मी बोलायला मुहूर्त बघतेय. कर्म माझं. शेवटी एका दुपारी ती खिडकीपाशी पडली होती आणि मी तिच्या त्या मोडलेल्या मांडीला तेल चोळत होते. मी खाली मान घालूनच म्हटलं, आई, त्या दिवशी कंत्राटदारासमोर मी बाबांना खरं सांगायला हवं होतं. मनातून माझी खात्री होती की ती म्हणेल, जाऊ दे गो, झालं गेलं. तिनं मला जन्मभर दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

ती छताकडे बघत म्हणाली, "हो. सांगायला पायजे हुतंस."

मी चोळायची थांबले. म्हटलं, तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, गप्प राहा म्हणतेस.

"नाय गो," ती म्हणाली. "मी वाट बघत हुते, तू कधी तोंड उघडतेस त्याची."

मग तिनं पाय माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि लुगडं खाली ओढलं.